दोर घेणारा

१

आमच्या कामात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. शुक्रवारी सकाळी पाहुणे येतात, बूट काढून टोपलीत टाकतात, केबिन केवढीशी आहे ते पाहून एकमेकांकडे बघत हसतात. मी त्यांना पाण्याचा पंप, संडासाचा दांडा आणि लाइफ जॅकेटं दाखवते. मग आम्ही निघतो. बेटामागून बेट. दुपारी एका खाडीत पोहणं आणि जेवण, संध्याकाळी दुसऱ्या खाडीत मुक्काम. यॉट थांबवायची रीत ठरलेली आहे: पुढून नांगर टाकायचा, मग मागे मागे सरकत किनाऱ्याजवळ जायचं आणि मागचा दोर किनाऱ्यावरच्या कडीला बांधायचा. चाक बार्बा फ्रानेच्या हातात, दोर माझ्या.

बार्बा म्हणजे काकाच, पण सख्खा असायला लागत नाही. समुद्रावर केस पिकलेला कोणीही बार्बा.

मी झादारला चार वर्षं कलेचा इतिहास शिकले आणि आता दोर बांधते. त्या पदवीचा उपयोग एवढाच, की पाहुण्यांनी एखाद्या चर्चकडे बोट दाखवलं तर मला त्याचं शतक सांगता येतं. शिवाय मी दचकी आहे. कपाटाचं दार वाजलं तरी माझ्या हातातलं पडतं. लुचिनामध्ये, म्हणजे आमच्या गावात, माझ्या मागे येऊन मुद्दाम टाळी वाजवणारी मोठी माणसं आहेत.

आमच्या किनाऱ्यावर बाकी कुठलाच नियम कोणी पाळत नाही, पण एक पाळतात. होडी धक्क्याला येत असेल तर तिथे जो कोणी उभा असेल त्याने तिचा दोर घ्यायचा. होडीवाल्याशी वीस वर्षांचं वैर असलं तरी. हातातली कॉफी खाली ठेवायची, दोर घ्यायचा, कडीत ओवून टोक परत त्याच्या हातात द्यायचं, आणि एक शब्द न बोलता पुन्हा कॉफी उचलायची.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी, मार्चनंतर पहिल्यांदाच, मी यॉटवर निघाले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त सोमवार होता. सोमवारी सकाळी नऊला मला बंदर कचेरीत जाऊन मार्चमध्ये दिलेला जबाब नव्या अधिकारी बाईंसमोर पुन्हा तोंडी सांगायचा होता. जबाब एका वाक्याचा होता: धक्क्यावर कोणी नव्हतं.

ते खोटं होतं.

"तीन दिवस समुद्रावर चल," बार्बा फ्राने म्हणाला होता. "गावात राहिलीस तर विंकाच्या ओट्यावर जाऊन रडशील आणि सगळं ओकशील. मी ओळखतो तुला."

विंका माझी काकू. मेलेल्याची बायको. चौकशी पुन्हा उघडा असा अर्ज तिनेच केला होता.

२

पाहुणे दोघंच होते. लिंझचे निवृत्त शिक्षक, गिझेला आणि होर्स्ट. होर्स्टला वाऱ्याची दिशा सांगायची हौस होती आणि ती दर वेळी चुकायची. गिझेला मऊ आवाजाची, सगळ्यांना नावाने हाक मारणारी बाई. मला तिने पहिल्या तासातच विचारलं, "येर्का, तुम्ही नीट झोपता ना?"

दुपारी आम्ही ज्या बेटाला गेलो तिथे कोणी राहत नाही. पूर्वी दगडाची खाण होती, तिचा छोटा धक्का उरला आहे आणि त्यात गंजलेली एक कडी. मागे पाइनची झाडं. रस्ता नाही, घर नाही, खाडीत दुसरी होडी नाही.

माझी तिथली पद्धत अशी: आधी दोराचा गुंडाळा धक्क्यावर फेकायचा, मग स्वतः उडी मारायची आणि कडीत ओवायचा. मी फेकला. तो कोरड्या दगडावर धप्पकन पडलेला मी पाहिला. तेवढ्यात पुढे नांगराची साखळी खडखडली, मी दचकले, आणि यॉट घासू नये म्हणून कडेला टांगलेला एक रबरी फुगा दोन दगडांत अडकतोय असं वाटून तिकडे वाकले. फुगा सरळ केला. वळले.

दोर कडीतून ओवलेला होता. त्याचं टोक परत आलेलं होतं, माझ्या पायाशी, यॉटच्या फळ्यांवर. ओलं.

मी ते टोक हातात घेऊन उभी राहिले. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"काय ध्यान करतेस का?" बार्बा फ्राने चाकावरून ओरडला. "बांध की!"

मी बांधलं. सवयीने बांधलं. मग मनाशी हिशोब मांडला: मी उडी मारली असणार, ओवला असणार, परत आले असणार, आणि दचकण्याच्या गडबडीत ते विसरले असणार. असं होतं. परीक्षेत मी एकदा अख्खं उत्तर लिहून विसरले होते. पण माझे कॅनव्हासचे बूट कोरडे होते, आणि त्या धक्क्याची कड कायम ओली, शेवाळलेली असते. कोरड्या बुटांनी तिथून कोणी जाऊन येत नाही.

गिझेला कठड्याशी उभी राहून झाडांकडे हात हलवत होती.

"किती भला माणूस," ती म्हणाली. "त्याला जेवायला बोलवायचं नाही का?"

"कोणाला?"

"तुमचा दोर घेतला त्याला. आता वर गेला झाडांत." मग तिने होर्स्टचा हात ओढला. "पाहिलंस ना? एवढ्या उन्हात लोकरीचा स्वेटर!"

"मासेमार असेल," होर्स्ट म्हणाला. "त्यांना ऊन लागत नाही."

मी बार्बा फ्रानेकडे पाहिलं. तो टेबलावर पाव कापत होता. सुरी पावाच्या आरपार जाऊन लाकडाला लागली तरी तो कापतच होता.

३

आता मार्चचं सांगते. ते एकदाच सांगेन.

माझे सख्खे काका कुझ्मा. बाबांचे थोरले भाऊ. मागच्या वर्षी त्यांनी जिल्ह्याच्या बांधकाम निरीक्षकाला पत्र लिहिलं, की लुचिनात प्रत्येकाने पाहुण्यांसाठी घरावर परवान्याशिवाय मजले चढवलेत, दरड ठिसूळ आहे, एक दिवस सगळं खाली येईल. पत्राखाली नाव लिहिलं, पत्ता लिहिला. ते असेच होते. निरीक्षक आला, यंत्र आलं. फ्रानेचा वरचा मजला पाडला. आमची गच्ची पाडली. ते खरं बोलले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी माफ केलं नाही.

गावाने बैठक वगैरे काही घेतली नाही. एका सकाळी कुझ्माकाका मासे घेऊन आले, दोर फेकला, आणि धक्क्यावरच्या सहा माणसांपैकी एकानेही तो घेतला नाही. संपलं. त्यानंतर कोणीच घेतला नाही. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. सगळा हिवाळा ते एकटेच चाक सोडून उडी मारायचे, एकटेच बांधायचे. चौसष्टाव्या वर्षी.

मार्चमध्ये यूगो सुटला. दक्षिणेचा जड, दमट वारा, तो आला की माणसं घरातसुद्धा चिडचिडी होतात. भर दुपारी काका आत आले. इंजिन बंद पडलेलं, हातात फक्त वल्हं. धक्क्यावर आम्ही तिघं होतो: बाबा, बार्बा फ्राने, मी. मी बाबांना जेवायला बोलवायला आले होते.

पहिला दोर माझ्या पायाशी पडला. अगदी बुटाच्या टोकाला लागला.

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. रागाने नाही. सूप गरम आहे, जरा थांब म्हणावं तसे.

मी हात कोटाच्या खिशात घातले. दोर दगडावरून घसरत, आवाज करत, परत पाण्यात गेला.

दुसऱ्यांदा त्यांनी फेकला तो वाऱ्याने फिरवला. तिसऱ्यांदा फेकला नाही. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे नाही, माझ्याकडे, आणि दोर कमरेला गुंडाळून स्वतःच उडी मारली. मधल्या फटीत पडले. मग लाटेने होडी धक्क्यावर आणली.

तो आवाज मी लिहिणार नाही.

संध्याकाळी फ्रानेच्या स्वयंपाकघरात ठरलं, की आम्ही तिघं कॅफेत होतो आणि धक्क्यावर कोणी नव्हतं. मी वाचून सही केली. चार वर्षं कॉलेजात शिकल्यामुळे मजकूर शुद्ध भाषेत मीच लिहिला होता.

४

शनिवारी दुपारी दुसरी खाडी. उंच पांढरा कडा, खाली काचेसारखं पाणी, आणि कड्याच्या पायथ्याशी खडकात ठोकलेली कडी. इथे धक्काच नाही. उभं राहायला पाऊलभरही जागा नाही. दोर घेऊन पोहतच जावं लागतं.

मी पोहायचे कपडे घातले, मागच्या पायरीवर बसले आणि उठले.

"बार्बा, मी चाक धरते. दोर तुम्ही न्या."

"का? पाणी थंड आहे का राणीसाहेबांना?"

"काल मी कडीत ओवला नव्हता."

"मग काय कडीने स्वतः गिळला?"

"गिझेलाने माणूस पाहिला."

"गिझेलाने सकाळी डॉल्फिनही पाहिला. तो प्लास्टिकचा पिंप होता." तो हसला, पण चाक सोडलं नाही. मग हळू, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, "येर्के, माझ्याच्याने नाही होणार."

"काय नाही होणार?"

"मार्चपासून मी दोराला हात लावलेला नाही. उन्हाळ्यात तीन माणसं ठेवली कामाला. तिघंही गेली. एक तर भर सहलीत उतरली, पगार न घेता." त्याने मान कड्याकडे वळू दिली नाही. "मी बघत नाही मागे. बघितलंच नाही तर काही नसतं. तूही बघू नकोस. दोर दे आणि मान खाली घाल."

मला इतका राग आला की भीती क्षणभर सरली. सोमवारपर्यंत माझ्यावर नजर ठेवायला नव्हतं आणलं त्याने मला. मागे उभं राहायला कोणीतरी हवं होतं त्याला, आणि माझ्या तोंडाला आधीच कुलूप होतं.

"तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही मला उभी केलीत."

"पहिला दोर तुझ्याच पायाशी पडला होता," बार्बा फ्राने म्हणाला.

यॉट मागे सरकत होती. मी दोर हातात घट्ट धरला आणि ठरवलं की फेकायचा नाही, सोडायचा नाही, उडी मारायची नाही. नांगर पक्का झाला की नुसतं उभं राहायचं. कडा तीस हातांवर. वीस. मी मान खाली घातली होती. दोराचं मोकळं टोक पायरीवरून पाण्यात लोंबत होतं, हातभर असेल.

ते सरळ झालं.

ओढ नव्हती ती. हिसका नव्हता. धक्क्यावरचा माणूस दोर घेतल्यावर दोन हलके झटके देतो, म्हणजे, घेतला, आता सैल सोड. कुठल्याही बंदरात, कुठलाही माणूस असाच देतो. मला दोन हलके झटके मिळाले.

यात राग असता तर मी समजू शकले असते. त्या झटक्यांत नुसता शेजारधर्म होता.

मी सैल सोडला. माझे हात माझं न ऐकता सोडत गेले, आणि दोर हातातून सरसरत जात राहिला, पाण्याखालून, सावकाश, कड्याच्या दिशेने. मी मनात म्हणत होते: प्रवाह आहे. खालून थंड पाण्याचा झरा असतो अशा ठिकाणी, भूगोलात शिकलो होतो. मग पाणी हललं, कडी वाजली, आणि दोराचं टोक माझ्याकडे परत यायला लागलं. प्रवाह दोन्हीकडे वाहत नाही.

"आभारी आहे!" गिझेला कड्याकडे बघून मोठ्याने म्हणाली. मग माझ्याजवळ आली. तिचा चेहरा जरा उतरला होता. "येर्का, तो माणूस... त्याला बरं नाही का? छातीशी हात धरून होता. वाकडा."

मला खाली केबिनमध्ये जाऊन ओकारी झाली. वर आले तेव्हा होर्स्ट मला आल्याची गोळी देत म्हणाला, "समुद्रावर जन्मलात आणि तुम्हालाच लागतो!" आणि सगळे हसले. मीही हसले. टेबल लावलं. मासा भाजला, चार्डची पालेभाजी आणि बटाटे केले, गिझेलाला कृती लिहून दिली.

ताट वाढताना लक्षात आलं की मी पाच ताटं घेतली होती.

५

रविवारी सकाळपासून आकाश शिशासारखं झालं आणि यूगो सुटला. आम्ही घाईने परत फिरलो. लुचिनाचा धक्का दिसला तेव्हा बारा वाजून गेले होते, गावात चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिसा, सुटली होती आणि लोक काळ्या कपड्यांत घराकडे चालले होते. धक्क्यावर बाबा उभे होते. दोर घ्यायला आले होते. माझा दोर घ्यायला ते नेहमी येतात.

फ्रानेने यॉट वळवली. मी मागच्या बाजूला उभी राहिले. मला एवढंच हवं होतं, की बाबांनी दोर घ्यावा. बाबांनी घेतला असता तर बाकी सगळं मी विसरायला तयार होते. सोमवारी जाऊन तेच वाक्य म्हटलं असतं, पुढच्या उन्हाळ्यात शहरात नोकरी शोधली असती. खरंच सांगते, मी तेवढ्यावर तयार होते.

मी फेकला. चांगला फेकला, वाऱ्याच्या वरून, बाबांच्या छातीच्या रोखाने. बाबांनी हात पुढे केले.

दोर त्यांच्यापर्यंत पोचला नाही. एक वीतभर अलीकडे, कमरेच्या उंचीवर, थांबला. कुठेही टेकला नव्हता. वारा इतका होता की माझी वेणी आडवी उडत होती, आणि तो दोर लोंबतही नव्हता.

तेव्हा मला दिसलं. सगळं नाही. दोराभोवती एक मूठ, बाबांच्या पसरलेल्या बोटांच्या अलीकडे. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी होते तशी, पांढरट, सुरकुतलेली, आणि नखं धुऊन स्वच्छ झालेली. मनगटापर्यंत. तुषार डोळ्यांत गेले, मी पापणी मिटली, उघडली, आणि मग तिथे बाबाच होते आणि दोर कडीत होता.

बाबांनी हात मागे घेतले. हातांकडे पाहिलं. कोटाला पुसले, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा.

"बाबा?"

"टोक पकड आणि बांध," ते म्हणाले.

"तुम्ही घेतलात का?"

"मीच घेतला. दुसरं कोण घेणार?" त्यांचे ओठ निळे झाले होते. "उद्या नऊला आहे, लक्षात आहे ना? निळा स्कर्ट घाल. नीट दिसतो."

गिझेला फळीवरून खाली उतरली, बाबांना तिने मान लववली, आणि मग त्यांच्या डाव्या बाजूला, जिथे फक्त ओला दगड होता, तिथे हात पुढे केला. क्षणभर धरून ठेवला. मागे घेतला तेव्हा रुमालाने पुसला.

"किती थंड हात," ती मला जाताना म्हणाली. "त्यांना डॉक्टरकडे न्या हो."

६

मी बॅगसुद्धा घरी टाकली नाही. तशीच विंकाकाकूकडे गेले. तिचं घर धक्क्याच्या बरोबर वर आहे, चोवीस पायऱ्या. ती कोबी चिरत होती.

"ये गं येर्का. जेवलीस?"

"काकू, धक्क्यावर आम्ही होतो."

ती चिरत राहिली.

"बाबा, फ्राने आणि मी. त्यांचा दोर माझ्या पायाशी पडला आणि मी नाही घेतला. तू सगळ्यांना विचारत फिरतेस ना, कोणी होतं का म्हणून? आम्ही होतो. उद्या मी कचेरीत हेच सांगणार आहे."

मला वाटलं होतं ती मारेल. किंवा मिठी मारेल. सहलीभर मी या दोनच गोष्टींची कल्पना केली होती. काकूने सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि खिडकीकडे गेली. झडपा उघड्या होत्या. खाली सगळा धक्का दिसत होता, कडी, दोर, मघाशी बाबा उभे होते तो दगड.

"मला काय आंधळी समजतेस?" ती म्हणाली.

मी बॅग खाली ठेवली.

"इथे उभी होते मी. याच जागी. तुझा तो हिरवा कोट."

"मग... तू खाली का नाही आलीस?"

"का येऊ?" ती एकदम गर्रकन वळली. "त्या पत्रावर सही त्याने केली, भोगलं कोणी? मिसाला माझ्या शेजारची जागा रिकामी. बेकरीत गेले की बोलणं बंद. चाळीस वर्षांच्या मैत्रिणी रस्ता बदलायच्या! आणि तो घरी येऊन म्हणायचा, विंका, मी खरं तेच लिहिलं. खरं! खऱ्याची भाजी होते का?" तिला धाप लागली. "म्हटलं, भिजू दे थोडा. जिरू दे. दुसरा दोर फुकट गेला तेव्हा मला... हसू आलं गं. देवाशपथ, हसू आलं."

खाली पाणी दगडावर आपटत होतं. ती खुर्चीत बसली.

"तुमचा जबाब आला, कोणी नव्हतं म्हणून, तेव्हा मी मेणबत्ती लावली. पण एकदा पुरेना. म्हणून अर्ज केला. नव्या बाईसमोर तुम्ही पुन्हा म्हणावं, कागदावर शिक्क्यानिशी यावं, धक्का रिकामा होता. धक्का रिकामा असला तर खिडकीतून मी तरी काय पाहणार? कळतंय का तुला?"

"काकू, ते अजून..."

"मला सांगू नकोस." तिने दोन्ही कानांवर हात दाबले. "कोण कुठे काय ते मला सांगू नकोस. रोज दुपारी पायऱ्यांवर पाणी कसलं असतं, ते मी पुसते. मी विचारते का कोणाला?"

मी दाराकडे गेले. पायऱ्या मी चढले तेव्हा कोरड्या होत्या. आता वरच्या तीन ओल्या होत्या.

"उद्या नीट बोल," मागून काकू म्हणाली. "माझ्यासाठी. तुला माझी दया नाही का येत?"

७

रात्रभर नेमकं हेच ठरवत होते, की मला तिची दया येते की नाही. सकाळी निळा स्कर्ट घातला नाही.

बंदर कचेरी तालुक्याच्या गावात आहे, फेरीबोटीने वीस मिनिटं. नवीन अधिकारी बाई आमच्या बाजूची नव्हती. सपाट मुलखातली होती, मक्याच्या शेतांतून आलेली, तिच्या टेबलावर घोड्याचा फोटो होता. खोलीत ऊन होतं. दोन खुर्च्या, एक माझ्यासाठी टेबलासमोर, एक भिंतीपाशी.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास पडला. मी फोन करणार होते, तेवढ्यात तुम्ही आलातच."

"का?"

"मृताच्या पत्नी सकाळी आठला येऊन गेल्या. अर्ज मागे घेतला. शिवाय स्वतःचा जबाब दिला." तिने कागद वळवून वाचला. "त्या वेळी मी घराच्या खिडकीत उभी होते. धक्का पूर्ण दिसत होता. धक्क्यावर कोणी नव्हतं." तिने चष्मा काढला. "तुमच्या तिघांच्या जबाबाशी तंतोतंत जुळतं. प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार, तीही पत्नी. मी आज फाइल बंद करतेय."

"मी होते," मी म्हणाले. "तिथे. आम्ही तिघं होतो."

बाईंनी चष्मा परत चढवला.

"तुमचे वडील सकाळीच बोलले माझ्याशी," ती हलकेच म्हणाली. "तुम्ही फार मनाला लावून घेता म्हणाले. लहानपणापासून घाबरट. असं होतं, जवळचं माणूस गेलं की वाटत राहतं आपण तिथे असतो तर. मी समजू शकते."

"दोर माझ्या पायाशी पडला होता. त्यांनी दोनदा फेकला."

"हे कोणी सांगेल का? तुमच्याशिवाय?"

कोणी नव्हतं सांगणारं. बाबा नाही, फ्राने नाही, काकू नाही, गावातल्या एकाही झडपेमागचं एकही माणूस नाही. बाईंनी फाइलीची फीत हातात घेतली. तिचे हात स्वच्छ, कोरडे होते, आणि ती गाठ मारायला लागली.

मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेली. थांबली. कपाळाला आठी पडली, जशी पावसात भिजून आलेल्या माणसाला पाहून पडते.

"माफ करा," ती म्हणाली. "ते गृहस्थ तुमच्याबरोबर आलेत का? मघापासून उभेच आहेत."

माझ्या मानेवर थंड हवा लागली. समुद्राच्या तळाला जो वास असतो तो वास. मी वळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दचकलेही नाही.

"हो," मी म्हणाले. "त्यांना विचारा."

बाई उठली. भिंतीपाशी गेली, दुसरी खुर्ची ओढत आणली आणि माझ्या शेजारी ठेवली.

"या, बसा ना," ती माझ्या डोक्यावरून म्हणाली.

मी समोरच्या घोड्याच्या फोटोकडे बघत राहिले. शेजारची खुर्ची करकरली. बाईंनी फीत सोडली आणि पेन उचललं.